माझ्या पोटातले आजोबा

मित्रांनो, जावा बेटावरच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं मी जुनं इंजिन आहे. वय विचारू नका, गंज बघा आणि काय ते समजा. उमेदीच्या काळात चिपाडं खाऊन उसाचे डबेच्या डबे ओढत असे. गळीत हंगामाआधी माझ्यापुढे फुलं, भात आणि काळी कॉफी ठेवल्याशिवाय कुणी आग पेटवत नसे. माझ्यात कुणी आजोबा राहतात, अशी इथली श्रद्धा!

मग ट्रक आले आणि माझे दिवस फिरले. रुळांवर गवत माजलं. तेलाचं बोट कुणी लावलं नाही, पण जाता-येता लोक भीतीने हात मात्र जोडत. खरं सांगतो, मला त्याचा रागच यायचा.

एका दुपारी लास्त्री नावाची सात वर्षांची भटकभवानी माझ्यावर चढली. सगळे दांडे ओढून झाले, मग ती भट्टीच्या तोंडातून आत घसरली. धाडकन दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली.

पोर रडली, ओरडली, तिने पत्रा बडवला. आवाज धुराड्यातून असा घुमत गेला, की ऊसतोडीला आलेली माणसं जागीच थिजली.

"आजोबा रागावले! यंदा नैवेद्य राहिला ना!" त्यांच्यातले म्हातारे जुमादी गुडघ्यांवर बसले.

तिकडे लास्त्रीची आई सुमार्नी कालव्याकाठी लेकीला शोधून शोधून वेडीपिशी झाली होती. पाण्यात तर नाही ना गेली? शेवटी आजोबा रागावल्याचं ऐकून ती आपली शिदोरी, भात आणि तेंपे म्हणजे सोयाबीनच्या वड्या, घेऊन माझ्याकडेच धावत आली. अंगात थोडी जरी वाफ असती ना मित्रांनो, तर मी शिट्टी फुंकून सांगितलं असतं, 'अगं बाई, इथेच आहे!'

"आजोबा, भात घ्या, मिरचीतलं तेंपे घ्या, पण माझी लेक परत द्या हो!"

पोटातून आवाज घुमला, "तिखट नकोऽऽ! मी नाही खाणाऽऽर!"

जुमादी गडबडले. "आजोबांना तर तिखटच लागतं..."

"अहो काका, आजोबा कसले! रोज ताटावर बसून माझं डोकं खाणारी माझी कार्टी आहे ती!"

सुमार्नी झपकन वर चढली. कडी गंजून घट्ट बसली होती. जुमादींनी कोयत्याच्या मुठीने ठोकली, तेव्हा कुठे दार करकरत उघडलं. काजळीने माखलेली लास्त्री बाहेर आली. आईने आधी पाठीत एक धपाटा घातला, मग ती लेकीला उराशी घट्ट धरून ओक्साबोक्शी रडली. रडता रडता हसू लागली. माझ्या पोटातलं ओझं उतरलं. कितीतरी वर्षांत इतकं हायसं वाटलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भिऊ नका. तिच्या कड्या-बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. आणि आतून कुणाची हाक आली, तर आधी दार उघडा. नमस्कार मागाहून करा.