नावं संपेपर्यंत

“आवाज बंद कर,” ताई म्हणाली.

मी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद केला, आणि हसावं की रडावं ते मला कळेना. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांचा हा वार्षिक सोहळा ताई नेहमी असाच बघत आली आहे. आधी आवाज बंद करून, आणि एखादा खेळ आवडलाच तर पुन्हा आवाजासकट. तिच्या मते संगीत महालबाड असतं. मागे व्हायोलिन वाजू लागलं की कुठलाही भिकार खेळ थोर वाटायला लागतो. पण यंदा तिला दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं धरलं आहे, कडेकडेचं तेवढं दिसतं. आता सुधारणा होणार नाही, आहे ते टिकलं तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. म्हणजे चित्रही नाही आणि आवाजही नाही, अशा आम्ही दोघी बहिणी मुक्या टीव्हीपुढे बसलो होतो.

“अगं, मग तू बघणार काय?” मी म्हणाले.

“तू आहेस ना? सांग मला. तशीही मला तुझे कान तेवढे दिसतात. छान आहेत हं, या वयातसुद्धा.”

ती हसली, म्हणून मीही हसले. पण माझं लक्ष टेबलावरच्या खोक्याकडे होतं. ताईने सकाळी स्वतःच्या हाताने तिचा कन्सोल, म्हणजे खेळाचं यंत्र, पुसून त्यात ठेवला होता, वायरी गुंडाळल्या होत्या, हातात धरून खेळायचा कंट्रोलर जुन्या टॉवेलात बांधला होता. संध्याकाळी माझा मुलगा गाडी घेऊन येणार आणि खोकं आमच्या घरी नेणार, असं तिने परस्पर त्याच्याशी फोनवर ठरवून टाकलं होतं. “आजचा सोहळा शेवटचा. मग हा विषय संपला,” असं ती मला म्हणाली होती. ताईने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते बदलत नाही, म्हणून मी मूग गिळून बसले होते. पण हा विषय संपला तर माझ्या बहिणीत उरणार काय, हा विचार सकाळपासून माझी पाठ सोडत नव्हता.

कारण हा विषय तिला बाबांच्या दुकानातून चिकटला होता. बाबा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. एकाने खेळाचं यंत्र दुरुस्तीला टाकलं आणि तो परत फिरकलाच नाही. बाबांनी ते चालू करून घरी आणलं. पडद्यावर एक चौकोनी ठिपका उड्या मारायचा. मला घटकाभरात कंटाळा आला आणि मी उठले. ताई मात्र तिथेच बसली, ती आजतागायत. मधल्या काळात तिने दातांच्या लॅबमध्ये नोकरी धरली, कवळ्या करण्यात हयात घालवली, लग्न केलं, भावोजी गेल्यावर एकटी राहिली. पण कामावरून आली की चहा आणि कंट्रोलर, यात खंड नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडून पाहिली. “या वयात खेळ?” असं कोणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, “मग कुठल्या वयात? लहानपणी अभ्यास होता.”

कवळ्या करणारीची नजर तिने खेळांनाही लावली. “दात नुसते दिसायला सुंदर असून भागत नाही,” ती सांगायची. “चावता आलं पाहिजे. या सोहळ्यात सगळे नुसते हसून दाखवतात. चावून कोणीच दाखवत नाही.” ट्रेलर चालू असताना तिचा एकच प्रश्न असायचा, “हे कोणी खेळतंय का?” माणसाच्या हातात कंट्रोलर असला की चित्र जरा चाचपडतं, वळणावर उशीर होतो, असं तिचं निरीक्षण होतं. तसं दिसलं की ती खुर्चीत पुढे सरकायची. नाहीतर “सिनेमा आहे, पुढे चला,” म्हणून मोकळी. नवेकोरे पांढरे बूट घालून मंचावर येणाऱ्या साहेबांचा तर तिला फारच राग. “खेळ केला पोरांनी, टाळ्या बुटांना!”

आणि खेळ पुरा झाला की शेवटी ती नावांची लांबच लांब यादी येते ना, ती संपेपर्यंत ताई जागची हलायची नाही. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, दारावर कोणी येऊ दे. मी वैतागायचे. “ओळखीचं आहे का यात कोणी?”

“नाही. म्हणूनच वाचते,” ती म्हणायची. “मी इतक्या तोंडांत दात बसवले, माझं नाव कुठल्या दातावर आहे? यांचं निदान इथे तरी आहे.”

असो. तर टीव्ही मुका होता आणि मी बोलत होते. पडदे शिवणारी बाई मी, मला खेळांतलं ओ की ठो कळत नाही. “आता एक सैनिक आला. आता स्फोट. आता दुसरा सैनिक.” ताई जांभया देत होती. तेवढ्यात पडद्यावर समुद्रातलं दीपगृह दिसलं आणि मी उडालेच.

“ताई! तुझा दीपगृहाचा खेळ! दुसरा भाग!”

ताईचा आवडता खेळ कुठला, तर हा. त्यात मारामारी नाही. दीपगृहाचा राखणदार तेलाचा डबा घेऊन जिने चढतो, दिवा लावतो, जहाजांना वाट दाखवतो, बस्स. ताईने तो किती वेळा खेळला याला गणती नाही. भावोजी गेले त्या महिन्यात रोज एकदा दिवा लावून मगच ती झोपायची. दुसरा भाग कधी येतो म्हणून ती वर्षानुवर्षं डोळे लावून बसली होती, आणि आला तो असा, खोकं बांधून झाल्यावर.

“सांग, सांग!” तिने माझा दंड धरला.

मी पडद्याकडे पाहिलं. दीपगृहावर लढाऊ विमानं सुटली होती. राखणदाराच्या हातात तेलाच्या डब्याऐवजी बंदूक होती. मग दीपगृह कोसळलं, आगीचा लोळ उठला आणि सभागृहातले लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले.

“छान आहे,” मी म्हणाले. “म्हणजे... समुद्र आहे. जिना आहे. छानच केलंय. खूप छान.”

ताईने मान खिडकीकडे वळवली, म्हणजे टीव्ही तिच्या डोळ्याच्या कडेला आला.

“आवाज चालू कर,” ती म्हणाली.

खेळ आवडण्याआधीच आवाज लावायला तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी आवाज वाढवला. ढोल, व्हायोलिन, किंचाळणारी बाई, गडगडाट. कंपनीने तोच तुकडा पुन्हा दाखवायला घेतला होता. ताई डोळे मिटून ऐकत होती. मी चोरासारखी बसले होते.

“समुद्र कुठे आहे गं?” तिने विचारलं. “दीपगृहाचा खेळ आहे आणि समुद्र ऐकूच येत नाही. जिना चढताना तो दमायचा, थांबायचा. तेव्हा लाटा ऐकू यायच्या. इथे दमायला कोणाला वेळच नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू माझ्यासाठी खोटं बोललीस. बोलू नकोस परत. मला दिसत नाही, मी लहान झालेली नाही.”

माझे डोळे भरून आले. तिच्या खेळाचं वाटोळं झालेलं कळून ती रडेल असं वाटलं होतं, आणि रडायला लागले मी. टीव्ही बंद करायला म्हणून मी रिमोट उचलला.

“थांब,” ताई म्हणाली.

मंचावर आता छोट्या कंपन्यांचे खेळ लागले होते. एक बारीकशी मुलगी घाबरत घाबरत आली. तिने आणि तिच्या दोन मित्रांनी मिळून खेळ केला होता. धरणाची दारं राखणाऱ्या बाईची गोष्ट होती. मुलीने ट्रेलर लावलाच नाही. कंट्रोलर हातात घेतला आणि सगळ्यांसमोर खेळायला लागली. संगीत नव्हतं. पत्र्यावर पावलं वाजत होती. टक, टक, टक. मग धप्प! पुन्हा धप्प! सभागृहात लोक हसले.

ताई खुर्चीत ताठ झाली. “भिंतीला धडकली!”

“हो,” मी म्हणाले.

“हात थरथरतोय पोरीचा. खेळतेय गं ती! खरंच खेळतेय!” ताईचा चेहरा असा उजळला होता की मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिले. “आता दार उघडलं ना? पाण्याचा आवाज बदलला. जाड झाला. अगं, काय कान दिलाय कोणीतरी यात!”

खेळाचा थोडा भाग आजच सगळ्यांना फुकट खेळायला मिळेल, असं सांगून मुलगी लाजत पळाली. मी खोक्याकडे बघत होते. ताईला खोकं दिसत नव्हतं, पण तिचाही चेहरा तिकडेच वळला होता.

“वायर पिवळ्या टॉवेलाखाली आहे,” ती अखेर म्हणाली.

कन्सोल जोडताना माझ्या नाकी नऊ आले. इंटरनेटवरून खेळ उतरला, तेव्हा मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिने तो थोडा वेळ नुसता धरला, अंगठे फिरवून पाहिले, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“तू चालव.”

“मी? मला येत नाही!”

“म्हणूनच. धडकशील तेव्हा मला कळेल भिंत कुठे आहे.”

आणि मी धडकले. दारांना, खांबांना, कठड्यांना. ताई शेजारून सांगत होती, “थांब. डावीकडे पाणी आहे. हळू. आता चाक फिरव. अगं, उलटं!” मध्येच विचारायची, “आकाश कसं आहे?” मी सांगितलं, “राखाडी. खाली जरा मळकट पिवळं, उन्हात विटलेल्या पडद्यासारखं. फार काही खास नाही.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. “धरणावर राबणाऱ्या बाईला तसंच दिसत असणार.” मग हळूच म्हणाली, “मला बघायला आवडलं असतं.”

तिचा हात माझ्या दंडावर होता, तो मी तसाच राहू दिला.

शेवटचं दार आम्ही मिळून बंद केलं, तेवढ्यात माझा मुलगा आला. “मावशी, खोकं तयार आहे ना?”

“आहे की, टेबलावर आहे. रिकामं आहे, घेऊन जा. तुझ्या आईला घरी जायला उशीर होईल. उद्याही होईल.”

त्याने माझ्या हातातल्या कंट्रोलरकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उंचावून त्याला गप्प बसायला सांगितलं. पाण्याचा आवाज मंदावला आणि पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली. मी सवयीने उठायला गेले.

“नावं आली का?” ताईने विचारलं.

मी पुन्हा बसले. “आली.”

ताईने पदर सारखा केला आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. माझा मुलगा रिकामं खोकं छातीशी धरून दारातच उभा राहिला. मी नावं मोठ्याने वाचली. तीनच होती, त्यामुळे लगेच संपली.

“जरा सावकाश वाच,” ताई म्हणाली. मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.