हडळीची पाळी

भाचा गल्लीचा इतिहास विचारू लागला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या आत्याला केवढा आनंद झाला! काजं करता करता तिने सगळं सांगितलं. रंगाचा कारखाना, ती आग आणि मुकादमाने बाहेरून घातलेली कडी. तिची थोरली बहीण तेवढी भाजलेल्या हातांनी खिडकीतून वाचली, अन् वाचली हाच तिचा गुन्हा ठरला. आग हिनेच लावली, ही बाई नव्हे हडळ आहे, असं म्हणत गल्लीने तिला मरेपर्यंत वाळीत टाकलं. आता निदान घरातलं एक पोरगं तरी खरं लिहील, एवढीच आत्याची आशा.

पोराने लिहिलं, पण भुताखेतांच्या खेळासाठी. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, त्याच्या तोंडचं बोलायचं आणि ते बाकीच्यांना पटलं की नाही हे फाशाने ठरवायचं. रविवारी दुपारी आत्याच्याच कापड बेतायच्या टेबलावर गल्लीचा नकाशा पसरून मित्रमंडळी बसली. मधोमध जळका कारखाना, त्यात हडळ. नाव दिलं नव्हतं, पण भाजलेले हात तेच.

"अरे मेल्या, ही तुझी सख्खी आत्या होती!"

"नुसती आग कोण खेळणार, आत्या? भूत हवंच ना."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोंबलायचं तरी कुणाच्या नावाने? आत्याने कात्री ठेवली आणि खुर्ची ओढली. "मग हडळ मी होते."

पोरांनी टाळ्या पिटल्या. पण आत्याला खेळ कुठला येतो?

"कडी बाहेरून होती. मुकादमाने घातली होती. मी ओरडत होते आणि तुम्ही सगळे ऐकत उभे होतात." तिचा आवाज चिरकला. पोरांच्या टाळ्या थांबल्या, एकाने फासा तिच्यापुढे सरकवला.

तिने फासा टाकला. सहा. म्हणजे सगळ्यांना पटलं. नकाशातल्या का होईना, पण या गल्लीने पहिल्यांदाच तिच्या बहिणीवर विश्वास ठेवला होता. आत्याचे डोळे भरून आले.

भाच्याने डोकं खाजवलं. "आत्या, हडळीचं म्हणणं खरं ठरलं तर खेळच संपतो गं. पुन्हा टाक."

"आगीच्या चौकशीला आलेला साहेबही माझ्या बहिणीला हेच म्हणाला होता," आत्या म्हणाली. "पुन्हा सांग. पुन्हा सांग. त्याला हवं ते तिच्या तोंडून येईपर्यंत."

तिने फाशाला हात लावला नाही. शेवटी भाच्यानेच तो उचलून टाकला.

"दोन," तो म्हणाला. "नाही पटलं." आणि पोरं पुन्हा मोकळेपणी हसू लागली.