फ्रीजमधला नाग

माझा धाकटा भाऊ परवा गेला. नाग चावून गेला. परवापासून कितीजणांना हे सांगितलं, पण माझं मलाच अजून खरं वाटत नाही. फ्रीज दुरुस्त करणारा माणूस शॉक लागून गेला असता तर एक वेळ समजलं असतं, धंदाच तसला. पण याला नसती उठाठेव. कुणाच्या बाथरूममध्ये, कुणाच्या गोदामात साप निघाला की हातातला पाना टाकून हा धावणार, साप धरणार आणि लांब नेऊन सोडून येणार. वर पेट्रोल पदरचं. लोक त्याला सर्पमित्र म्हणायचे. मित्र म्हणे. त्यातल्या एकाही मित्राने त्याला कधी चहा पाजला नाही.

आमचं यावरून कायम वाजायचं. माझं म्हणणं सरळ होतं आणि ते मी त्याला शंभरदा तोंडावर सांगितलं होतं: जे जनावर माणसाचा जीव घेतं ते जिवंत ठेवायचं नाही. आज याला चावलं, उद्या कुणाच्या लेकराला चावेल. तो म्हणायचा, ताई, ते घाबरतं म्हणून चावतं. मी म्हणायचे, मीही घाबरते, मी कुणाला चावत सुटले का? त्यावर म्हणायचा, थांब, भाऊजींना विचारतो. असं म्हटल्यावर माणूस काय भांडणार, कप्पाळ?

गेल्या वर्षी मात्र ते हसण्यावारी गेलं नाही. कसलासा बिनविषारी साप त्याच्या बोटाला नुसता ओरखडा काढून गेला. मी माझ्या लाँड्रीतून तडक त्याच्या दुकानात गेले आणि सापाच्या बरणीत उकळतं पाणी ओतलं. धाकटा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझा भाऊ शाबूत होता, बस.

परवा टायरच्या गोदामात त्याने नाग धरला आणि पिशवीत टाकताना तो मनगटाला चावला. हॉस्पिटल गोदामाच्या मागच्या गल्लीत. तरी हा पोचला तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या, जीभ जड झालेली, स्कूटर पायऱ्यांवरच आडवी टाकलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध होतं हो आमच्याकडे, जरा आधी आले असते तर... मी त्यांच्यावर ओरडले, वॉर्डबॉयवर ओरडले, रस्त्यात बस आडवी घालून त्याला अडवलं असेल त्या कुठल्याशा ड्रायव्हरलाही शिव्या घातल्या. मागच्या गल्लीत पोचायला उशीर होतोच कसा? कुणी सांगेना. भावजय भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मला वाटलं, धक्क्याने तसं झालं असेल.

आज दुपारी सगळं उरकून आम्ही तिच्या घरी परत आलो. पुढे धाकट्याचं दुकान, मागे दोन खोल्या. मी गल्लीत चपला काढत होते, तेवढ्यात समोरच्या घड्याळवाल्याने मला बाजूला घेतलं. आधी दोन शब्द चांगले बोलला आणि मग हळूच म्हणाला, ताई, पण तो नाग कुठाय? पकडलेले साप दुकानातच असतात ना? आमची पोरं इथेच खेळतात. त्याच्या मागे आणखी दोघे-तिघे माना डोलावत उभे होते.

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. माझा भाऊ उरला नाही आणि तो नाग आत दुकानात निवांत पडलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भावजय भाचीला, ठकीला, भरवत होती. मी तिला काही विचारलं नाही. खिळ्यावरची किल्ली काढली, पुढे आले, शटर वर करून आत शिरले आणि मागून परत ओढून घेतलं. आत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, काढून ठेवलेले कॉम्प्रेसर, भिंतीला टांगलेले दारांचे रबर. कोपऱ्यात मोडीतला जुना फ्रीज, त्याचा मागचा पत्रा काढून जाळी लावलेली. साप ठेवायची जागा तीच. अंधार असला की ते शांत राहतात, म्हणायचा.

दार उघडलं. मधल्या फळीवर निळ्या फुलांचा उशीचा अभ्रा होता, तोंडाला गाठ मारलेली, आणि तो आतून हलत होता. अभ्रा मी ओळखला. गिऱ्हाइकं लाँड्रीत विसरून जातात ते अभ्रे मीच त्याला द्यायचे. इस्त्री करून द्यायचे, सापांसाठी नेतो हे ठाऊक असून द्यायचे. भांडण भांडणाच्या जागी, भाऊ भावाच्या जागी.

काठीने तो खाली ओढला आणि सगळ्यात लांब पाना घेतला. किती वेळ मारत होते कोण जाणे. तोंडाने काहीतरी बडबडत होते, त्यातलं आठवतं ते एवढंच, की दे, माझा भाऊ परत दे. अभ्रा हलायचा थांबला तरी माझा हात थांबेना. निळी फुलं लाल झाली तेव्हा कुठे मी पाना टाकला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, परवापासून पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं.

आवाजाने भावजय आतल्या दाराने धावत आली. तिने आधी मला पाहिलं, मग फरशीवर.

"संपवला एकदाचा," मी म्हटलं.

ती खाली बसली, गाठ सोडली आणि अभ्रा उलटा केला. लांबच लांब, मातकट पिवळं जनावर बाहेर आलं. ठेचलेलं होतं, पण डोकं तसंच राहिलं होतं. निमुळतं, मोठ्या डोळ्यांचं. त्याला फणा नव्हता.

"ही धामण आहे, ताई," ती म्हणाली. "बेकरीत निघाली होती. हिला विष नसतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. धामणीचं मला काही नव्हतं, मला ठकी दिसली, आत एकटीच जेवत बसलेली. मग नाग कुठे? मोकळा सुटलाय का घरात? मी आत धावणार तोच तिने माझा हात धरला. म्हणाली, नाग इथे नाहीच. तो इथे आलाच नव्हता. त्यांनी तो सोडून दिला.

"कधी?"

"चावल्यावर."

मला कळेचना. मग ती बोलायला लागली, फरशीकडे बघत, पाठ केल्यासारखी. चावल्याबरोबर त्याने तिला गोदामाच्या फाटकातून फोन केला होता. तिने रडून सांगितलं, पिशवी तिथेच टाका आणि आधी हॉस्पिटल गाठा. त्याने ऐकलं नाही. नाग घेऊन तो आधी दगडाच्या खाणीकडे गेला, आणि मग परत आला. खाण शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"अगं पण का?" मी तिला गदागदा हलवलं. "का गेला तिकडे?"

"म्हणाले, मी एकदा हॉस्पिटलात पडलो की ताई येणार आणि याला मारणार. ती कुणाचं ऐकायची नाही. याला आधी सोडतो, मग जातो. तेवढ्यात काही होत नाही."

मी तिथेच एका कॉम्प्रेसरवर बसले. मला त्याचा भयंकर राग आला. अरे मूर्खा, एका सापासाठी? बायको आहे, पोर आहे, आणि तू मनगटात विष घेऊन खाणीकडे स्कूटर दामटतोस? नागाच्या तोंडाशी हात घालताना जो घाबरला नाही, तो मला घाबरला. मी भावजयीला विचारलं, परवाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं होतं, ताई?

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. घड्याळवाला होता, आणि आवाजावरून त्याच्यामागे बरीच माणसं असावीत.

"ताई, सापडला का? आपल्या माणसाचा जीव ज्याने घेतला तो?"

भावजयीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सापडला," मी म्हटलं.

बाहेर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, उघडा, बघू दे. मला शटर वर करवेना.