वासंतीनं पारखलेली घोडी

सकाळपासनं भुरभुर लागलेली. हॉलंडमधल्या वाखनिंगन गावाच्या पलीकडं, नदीकाठच्या चिकणमातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. वासंतीनं तबेल्यातलं नववं ठाण झाडलं, लीद गाडीत भरली आणि दाराला टेकून उभी राहिली. आठ वर्षं ती हानेकेबाईंच्या या तबेल्यात राबत होती. बाप अकलूजच्या बाजारात घोडी पारखायचा. त्याच्या मागं मागं फिरून पोरीची नजर तयार झालेली. नवरा उल्हास मात्र काचेच्या हरितगृहात पंप-मोटारी बघायचा. जनावराशी त्याचं वाकडंच.

दुपारी एक विकाऊ घोडी बघायला जायचं म्हणून तो तिला न्यायला आला, तो कुरकुरतच.

"लोकांची लीद काढून भागलं न्हाई व्हय? आता घरची पायजे?"

"अवं, बघून तर यिऊ. दोन गावं सोडून तर हाय."

घोडी तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. वेस्टर्न प्लेझरच्या चालीत तयार केलेली, म्हणजे मान खाली, पाऊल संथ, पाठीवरचा माणूस खुर्चीत बसल्यागत. तिचा मालक, यान नावाचा, तरणाच होता. त्यानं वाळूच्या रिंगणात फिरवून दाखवली.

"गरीब गाय हाय की गं!" उल्हाससुद्धा बोलून गेला.

वासंतीची नजर मात्र घोडीच्या पायांवर. मग यानला डचमध्ये म्हणाली, "वाळूत कळत नाही. आता इथं विटांवर दुडकी पळवा."

"कशाला? फरसबंदी निसरडी आहे."

"हळू पळवा."

यानची मान खाली गेली. दोर धरून त्यानं घोडी पळवली. डावा पुढचा पाय टेकला, की तिची मान झटक्यानं वर जायची. वासंतीनं वाकून टापेला हात लावला. गरम होती.

"उन्हाळ्यापासून असंच आहे," यान पुटपुटला. "सांगितलं तर इथं कोण घेईल? व्यापारी नेईल, लांब कुठंतरी."

वासंती नवऱ्याकडं वळली. "तळव्याला मार बसलाय. नाल काढून सा म्हैनं मऊ जमिनीवर सोडली, तर धडधाकट हुईल. घिऊ या."

"लंगडं जनावर गळ्यात बांधू? याड लागलंय तुला."

"बापाच्या हाताखाली शिकलीय मी."

"बाप अकलूजला. हितं निस्तरायचं कुणी?"

भांडायला अंगात बळच नव्हतं. ती गाडीत जाऊन बसली. काचेतनं घोडी दिसत होती, मान खाली घालून उभी.

दुसऱ्या दिवशी लीद काढता काढता तिनं हानेकेबाईंना सगळं सांगितलं. पायाचंसुद्धा. "तुम्ही घ्या," म्हणाली, "नाहीतर व्यापाऱ्याच्या हाती जाईल." बाईंनी डॉक्टर नेला, घोडी आणली. हिवाळाभर वासंतीनं तिची टाप धुतली, शेकली, तिला मऊ कुरणात हिंडवलं.

मे महिन्यात उल्हास न्यायला आला, तेव्हा बाईंची नात घोडीवर बसून विटांवरनं चालली होती. टापांचा आवाज कसा, तालात. उल्हास कुंपणाशी बघत राहिला.

"बेस घोडी हाय. बाईंची व्हय?"

"बाईंची."

मग त्यानं कपाळावरचा ठिपका बघितला. नजर डाव्या पुढच्या पायावर गेली.

"आपुनच घ्याया पायजे हुती गं."

"व्हय."

"जरा जोर लावून सांगायचं न्हाईस?"

वासंतीनं हातातला खरारा झटकला आणि पाण्याची बादली त्याच्याकडं सरकवली.

"धरा ही. माझी कंबर लई दुखतीया."