उतरताना डावीकडे

आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि माझ्या सासूबाईंना चालता हातही एकच. दोघांची बाजू जुळत नाही, एवढंच आमचं दुखणं. चढताना कठडा उजवीकडे येतो, उतरताना डावीकडे. आईंचा डावा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडलाय आणि डावा पाय ओढतात. दवाखान्यातून आल्या तेव्हा उजव्या हाताने कठडा धरून चौथ्या मजल्यापर्यंत आपल्या आपण चढल्या. मी कौतुकाने सगळ्यांना फोन करकरून सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे न्यायला दार उघडलं, तर उजवीकडे नुसती गुळगुळीत भिंत. त्या दिवसापासून बाई घरात कोंडली गेली.

भिंतीलाही एक कठडा लावू द्या म्हणून मी कमिटीच्या सेक्रेटरींच्या किती नाकदुऱ्या काढल्या! खर्च आमचा, भोकं आम्ही पाडू, रंगही आम्हीच लावू. ते टेप घेऊन आले, मापं काढली आणि मान हलवली. जिना आधीच जेमतेम नियमात बसतोय म्हणे, कठडा लावला की चार बोटं कमी पडणार, मग अग्निशमनवाल्यांचा दाखला मिळायचा नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचंच चपलांचं कपाट निम्मा जिना अडवून उभं आहे. ते टेपला दिसत नाही.

"वहिनी, नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "उद्या आग लागली तर माणसं कशी उतरणार?"

"आणि आमच्या आई?"

त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

खुर्चीत बसवून न्यायचंही करून पाहिलं. वळणावर खुर्ची अडकली, कलंडली, आणि उचलणाऱ्या दोघांनी कानाला खडा लावला. बसून घसरत उतरवावं तर खुब्यात कळ येते. शेवटी मी हात टेकले.

आणि आज दुपारी मावशींच्या मुलाचा फोन. मावशी म्हणजे आईंची पाठची बहीण, दवाखान्यात पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ निघेल असं वाटत नाही. सारखं एकच विचारतायत, ताई आली का. मी म्हटलं, फोनवर आईंचा चेहरा दाखवते. तर पलीकडून धापा टाकत मावशीच बोलल्या, "फोन नको. ताई पाहिजे."

हे कामावर, लांब. मी दारोदार फिरले, पण भर दुपारी घरात होतं कोण? सेक्रेटरींची कंबर नेमकी आजच धरलेली. डोक्यात अशी तिडीक गेली! खाली टॅक्सी येऊन थांबलेली, आणि आई चांगले कपडे घालून, पिशवी गळ्यात अडकवून दारात उभ्या. त्यांच्याकडे बघवेना. मग कसं सुचलं देव जाणे.

"आई, वळा," मी म्हटलं. "पाठमोऱ्या उतरू."

पाठमोरं झालं की कठडा उजव्या हाताला येतो. इतकी साधी गोष्ट, आणि इतके महिने डोक्यात येऊ नये! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी खालच्या पायरीवर वाकून त्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून खाली ठेवायचे. मग त्या उजवा आणायच्या, मग हात सरकवायच्या. मागचं त्यांना काही दिसत नव्हतं. जीव मुठीत धरून उतरत होत्या, आणि तोंडाने एकच, "आवर गं, आवर." तिसऱ्या मजल्यावर कपाटापाशी जागा पुरेना, तेव्हा मी ते लाथेने कोपऱ्यात ढकललं. आतल्या चपला खाली घरंगळल्या. घरंगळू देत.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचा पाय लटपटायला लागला. थांबलो. तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशींचा मुलगा. मी ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"टॅक्सीवाला. घाई करतोय."

मी पुन्हा त्यांचा पाय धरला. रडू आवरत नव्हतं. बरं झालं, त्यांची पाठ होती माझ्याकडे. मी भराभर पाय ठेवत सुटले. चारपाच पायऱ्यांनंतर त्यांनी पाय उचलू दिला नाही. कपाळ कठड्यावर टेकवून उभ्या राहिल्या.

"सावकाश ठेव आता," त्या म्हणाल्या. "आता धाकटी थांबेल."

मी विचारलं, वर जायचं का. त्यांनी मान हलवली, नाही. मग मी डोळे पुसले आणि त्यांचा पाय पुढच्या पायरीवर ठेवला.