सासरची भाषा शिकवणारा गज

“बोल, नवऱ्याला काय म्हणतात?” शिंपी पुन्हा गरजला आणि मी त्याच्या पोरीच्या मनगटावर उतरलो.

मी गज बोलतोय. कापड मोजायचा, शिसवी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. सुताराने मला रंधा मारून सरळ केलं ते कापडासाठी, कातडीसाठी नाही. आधी शिंप्याच्या बापाने मला वापरलं, मग शिंप्याने. पण माणसाच्या हातात काही लांब आलं की त्याला मोजण्याआधी मारणं सुचतं. शिंप्याच्या लहानपणी त्याच्या पाठीवरही मीच वाजलो होतो. तो विसरला. मी नाही.

पोर एकोणीस वर्षांची. स्थळ परदेशातलं, कापडाचा मोठा व्यापारी, तिकडे सगळे स्पॅनिश बोलणारे. शिंपी गल्लीभर सांगून बसला होता. लग्न जुळवणाऱ्या बाई दुपारी येऊन कापायच्या टेबलाशी तिला नाती शिकवत. सासू म्हणजे सुएग्रा, सासरा सुएग्रो. पोर हौसेने शिकत होती. नणंद, भावजय, मेहुणी, सगळ्यांना एकच कुन्यादा, हे ऐकून म्हणाली, “मग भांडायचं नेमकं कुणाशी?” तिची आई शिलाई मशीन थांबवून हसली होती.

मग एका दुपारी बाई फारच रंगात आल्या. आजी म्हणजे आबुएला, नीट पाठ कर, गेल्या गेल्या पोरं तुला त्याच नावाने हाक मारतील, म्हणाल्या. बटण लावता लावता पोरीच्या बोटात सुई घुसली. बाईंनी जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. नवरदेवाला नातवंडं होती. शिंप्याला ते ठाऊक होतं. घरात त्याने दाखवला होता तो विशीतला फोटो.

तेव्हापासून पोर सगळी नाती घडाघडा म्हणे, नवऱ्याचा शब्द मात्र तोंडातून काढीना. मारिदो. अवघड नव्हता, ऐकून ऐकून माझाही पाठ झाला होता. म्हणून मी मनगटावर, पोटरीवर, तोंडावर. तिचा ओठ फुटला, रक्त माझ्या खुणांच्या खाचांत भरलं. मला हात असते तर त्याचा गळाच धरला असता. गजाला हात नसतात.

पोरीच्या आईला होते. ती मशीनवरून उठली, मला हिसकावलं, आणि शिंप्याच्या नडगीवर मी असा बसलो की माझे दोन तुकडे झाले.

आज एक तुकडा खिडकीला टेकू आहे, दुसऱ्याने ती खळ ढवळते. माझी तक्रार नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी गज उचलला तर कापड कुठे आहे ते आधी विचारा, एवढंच मागणं.

तर त्या दिवशी शिंपी जमिनीवर नडगी धरून कण्हत होता. असं घर, असं ऐश्वर्य, एवढं चांगलं स्थळ शोधून मिळायचं नाही, हेच पुन्हा पुन्हा. पोरीच्या आईने माझं तुटकं टोक त्याच्या छातीला टेकवलं आणि शांतपणे म्हणाली,

“एवढं चांगलं आहे, तर तुम्हीच जा नांदायला.”