मला कातरून मेंढरं केली

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. "कुठाय? आम्हाला तर मेंढरंच दिसतायत!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे तुमचं. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सभागृहाच्या व्हरांड्यात, कुलूप घातलेल्या काचेच्या कपाटात जो मेंढरांचा इवलासा कळप उभा आहे ना, तो सगळा मिळून मी!

माझा जन्म मोठ्या मजेत झाला. करमाडजवळच्या वस्तीवर मुंजाबा नावाचे मेंढपाळ राहत. मेंढरांमागं चालता चालता ते चातीवर सूत काढायचे. चाती म्हणजे हातात गरगर फिरणारी चिमुकली टकळी. मेंढराला हाक मारत, कुणाची थट्टा करत सूत निघतच राहायचं. मग विणकरानं त्या सुताला चिंचोक्याची खळ पाजली, मागावर ताणलं आणि झाले मी! काळी, खरखरीत आणि ऐटबाज. नव्या नवलाईत मी सगळ्यांना टोचायचे. शेजारचे सांडूबाबा म्हणायचे, "मुंजाबा, घोंगडी हाय का बाभळीची फांदी?"

मी किती पाऊस झेलले! नुकती जन्मलेली कोकरं माझ्यात गुंडाळून घरी आली. पुढं मुंजाबा वारले आणि त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, मला जिवापाड जपलं. एकदा त्या सुनेला म्हणाल्या, "लक्षिमी, मी गेले की हीच टाका माझ्या अंगावर. दुकानातलं नवं कापड नगं मला. त्यांच्या हातचं सूत हाय हे."

"आत्याबाई, सकाळी सकाळी काय ओ हे? आधी चहा घ्या."

"चहा घेते. पर ध्यानात ठिव."

मग वस्तीवर दोघं जण आले. त्रिंबक मूळचा पाचोडचा, वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारा. नीलोफर शहरात चित्रकला शिकवणारी. सुट्टीच्या दिवशी दोघं आपली आपण फिल्म बनवायचे. गावाच्या चराईच्या रानाला तेव्हा कारखान्यासाठी कुंपण पडत होतं. त्यावर त्यांना माहितीपट करायचा होता.

सुगंधाबाई म्हणाल्या, "बोलंन सगळं. पर तोंड नाय दावनार. माझा ल्योक पुंजाराम त्याच कुंपनावर वॉचमन हाय. त्याची भाकर जाईल."

"तो क्या हुआ मावशी?" नीलोफर हसली. "आवाज तुमचा, आन् तोंड बाहुलीचं! हम आपकी बाहुली बनाते."

असं अ‍ॅनिमेशन ठरलं. तारेच्या बाहुल्या, तारेची मेंढरं. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची. सुगंधाबाईंनी मला त्यांच्या हाती दिलं. "ही आंथरा अन् हिचंच रान करा. काम झालं की परत आना." मी सिनेमात जाणार! माझा एकेक धागा नाचत होता.

निघताना त्रिंबकच्या काखेत मी होते आणि सुगंधाबाई लांब, कळपाच्या पुढं. वारं सुटलं होतं. तारेच्या मेंढरांवर चिकटवायला लोकर हवी, हे त्रिंबकला आठवलं. माझ्यावर हात ठेवून तो ओरडला, "मावशी, थोडी लोकर कातरून घेऊ का?"

"कातरा की!" त्या ओरडल्या. "कातरली की पुन्हा येती!"

मित्रांनो, सुगंधाबाई मेंढरांबद्दल बोलत होत्या आणि तो माझ्याबद्दल विचारत होता. त्यांचं पुढचं वाक्य वाऱ्यावर गेलं.

शहरातल्या खोलीत नीलोफरनं कात्री हातात घेतली आणि थांबली. "त्रिंबक, मावशी पक्का हाँ बोली ना?"

"अगं, माझ्या कानांनी ऐकलं!"

कात्री चालली. थोडी थोडी म्हणता म्हणता मी सगळीच कातरली गेले. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण घोंगडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

फिल्म मात्र झकास झाली, हे मी कबूल करते. दिल्लीच्या महोत्सवात तिला छोट्या अ‍ॅनिमेशन माहितीपटाचं पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या थांबेनात! दोघं पेढे, बक्षीस, लॅपटॉप आणि मला घेऊन थेट वस्तीवर आले. तोवर खरा कळप विकून झाला होता. चरायला रानच उरलं नव्हतं. सुगंधाबाई फिल्म बघताना खुदकन हसल्या. "अगं बया, ही तर आमची लंगडी मेंढीच! लक्षिमी, बघ की, तशीच चालती!"

फिल्म संपल्यावर त्यांनी पदर सावरला. "लई चांगलं केलं लेकरांनो. आता माझी घोंगडी द्या."

मग त्रिंबकनं हळूच लोकरीची मेंढरं त्यांच्या पुढ्यात ठेवली. "मावशी, तुम्हीच म्हणाला होतात ना, कातरा म्हणून..."

"मेंढरं रं बाबा!" सुगंधाबाई म्हणाल्या. "मेंढराची येती पुन्हा. घोंगडीची कशी येईल?"

नीलोफर हमसून रडायला लागली. "मावशी, मैं सी के देती. एकेक तुकडा जोडून देते."

"गोंद लागलाय समद्याला. काय जोडतीस?" एक मेंढरू त्यांनी गालाला लावलं आणि परत खाली ठेवलं. "न्या तुमच्याकडंच. तुकडं पांघरू व्हय मी?"

म्हणून मी या कपाटात आले. पाटीवर फिल्मचं नाव आहे, बक्षिसाचं नाव आहे. माझं नाही. गेल्या थंडीत नीलोफर एकटीच काचेपुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी गेल्या." अंगावर दुकानातलं नवं कापड टाकलं म्हणे. दुसरं होतं काय?

मित्रांनो, कुणी 'हो' म्हणालं तर जवळ जा आणि 'कशाला हो?' ते नीट विचारून घ्या. लांबून ओरडून विचारू नका. आणि जमलं तर माझं एक काम करा. मला आतून कसर लागली आहे. लोकरीला ऊन दाखवावं लागतं. मला कुणीतरी बाहेर काढून उन्हात घाला. मी शिपायाला हे सांगितलं असतं, पण परवाच कुणीतरी त्याला कपाटाची किल्ली मागितली, तर तो म्हणाला, "किल्ली? याला कधी किल्ली होती का?"